कोळशानंतरचे पाणी

बर्लिनच्या दक्षिणेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर लुकाऊ नावाचे जुने गाव आहे. दर शरद ऋतूत या गावाच्या परिसरात हजारो क्रौंच पक्षी उतरतात. उत्तर युरोपातून फ्रान्स-स्पेनकडे जाणाऱ्या प्रवासातला हा त्यांचा मुक्काम. दिवसभर कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपायचे आणि संध्याकाळी थव्याथव्याने येऊन उथळ पाण्यात उभ्यानेच रात्र काढायची, असा त्यांचा क्रम असतो. ते पाहण्यासाठी बर्लिनहून माणसे येतात. मात्र ज्या पाण्यात हे पक्षी रात्र काढतात ते पाणी साडेतीन दशकांपूर्वी तिथे नव्हते. तिथे लिग्नाइट कोळशाची उघडी खाण होती आणि खाणीच्या आधी वानिनखेन नावाचे खेडे होते. १९८०च्या दशकाच्या मध्यात खाणीसाठी ते उठवण्यात आले. त्यातले एकच घर उरले. आज त्याच घरात 'हाइन्झ झीलमान प्रतिष्ठान'चे निसर्ग केंद्र आहे.

झीलमान हे जर्मनीत घराघरांत ठाऊक असलेले वन्यजीव चित्रपटकार. त्यांचे २००६ मध्ये निधन झाले. त्यांच्या प्रतिष्ठानाने २००० सालापासून श्लाबेनडॉर्फच्या जुन्या खाणींची जमीन टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि आज सुमारे तीन हजार हेक्टरांवर पाणथळी, उघडी वाळू, गवताळ माळ आणि खुरट्या हेदर झुडपांची राने असे संमिश्र निसर्गक्षेत्र उभे आहे. थोड्या अंतरावर ग्र्युनहाउस येथे 'नाबू' या निसर्गसंस्थेच्या प्रतिष्ठानानेही २००३पासून असेच सुमारे दोन हजार हेक्टरांचे क्षेत्र घेतले आहे. 'निसर्गाने खाण परत जिंकली' अशा मथळ्याखाली या जागांची छायाचित्रे जगभर फिरतात. छायाचित्रे खरी आहेत. मथळा मात्र तपासून घ्यावा असा आहे. कारण जर्मनीला २०३८पर्यंत कोळसा पूर्णपणे सोडायचा आहे, आणि तो सोडताना मागे उरणाऱ्या खड्ड्यांचे, वाळूचे व पाण्याचे काय करायचे याचा जो हिशेब आता मांडला जात आहे त्यात वानिनखेनच्या क्रौंचांचा वाटा फार थोडा आहे.

हा सारा प्रदेश म्हणजे लुसाटिया. ब्रांडनबुर्ग आणि साक्सनी या दोन राज्यांत पसरलेला, सोर्ब या छोट्या स्लाव्ह समाजाची मायभूमी असलेला. पूर्व जर्मनीकडे दगडी कोळसा आणि तेल जवळपास नव्हते. त्यामुळे त्या राजवटीचा सारा भार या तपकिरी, ओलसर, कमी उष्मांकाच्या कोळशावर होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकट्या लुसाटियातून वर्षाला सुमारे २० कोटी टन लिग्नाइट निघत होते. त्यासाठी सव्वाशेहून अधिक खेडी पूर्णत: वा अंशत: उठवली गेली. त्यांतली अनेक सोर्बांची होती आणि गावाबरोबर तिथली भाषाही उठली. १९९०च्या एकीकरणानंतर हे उत्पादन काही वर्षांतच कोसळले. डझनावारी खाणी जवळपास एकाच वेळी बंद झाल्या, हजारो कामगार घरी बसले आणि ज्या सरकारी उद्योगांनी खड्डे केले होते ते उद्योगच अस्तित्वात राहिले नाहीत.

इथे एक योगायोग घडला. उद्योग बुडाले तरी त्यांचा मालक असलेली राजवट दुसऱ्या, श्रीमंत राष्ट्रात विलीन झाली होती. त्यामुळे हा वारसा अपरिहार्यपणे केंद्र सरकारच्या गळ्यात पडला. त्यासाठी १९९०च्या दशकाच्या मध्यात 'एलएमबीव्ही' ही सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली. लुसाटिया आणि मध्य जर्मनी मिळून सुमारे एक लाख हेक्टर जमिनीची जबाबदारी तिच्याकडे आली. केंद्राने तीन हिस्से आणि राज्यांनी एक हिस्सा अशा साधारण प्रमाणात आजवर अकरा अब्ज युरोंहून अधिक रक्कम या कामावर खर्च झाली आहे. काम संपलेले नाही.

एवढा पैसा नेमका कशावर जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. उघडी खाण खणताना आधी भूजल उपसावे लागते, नाहीतर खड्डाच भरतो. लुसाटियात पिढ्यान्पिढ्या चाललेल्या या उपशामुळे दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशाखालचे भूजल खाली गेले होते. खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि पाणी हळूहळू वर येऊ लागले. मोठे खड्डे नुसत्या भूजलाने भरायचे तर अनेक दशके लागली असती आणि काठ धसण्याचा धोका वाढला असता. म्हणून श्प्रे, नायसे आणि श्वार्त्से एल्स्टर या नद्यांचे जास्तीचे पाणी त्यांत सोडण्यात आले. त्यातून लुसाटियाचा प्रसिद्ध सरोवर प्रदेश तयार झाला. तिथे आज शिडाच्या होड्या आहेत, सायकलमार्ग आहेत, किनाऱ्यावर हॉटेले आहेत. लिश्टरफेल्ड येथे पाचशे मीटर लांबीचा एक पोलादी वाहक पूल पर्यटकांसाठी तसाच ठेवला आहे. कोळशाच्या वरची माती खड्ड्याच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकण्याचे त्याचे काम होते.

धोका आहे तो नेमका याच टाकलेल्या मातीत. ती बहुतांशी बारीक, एकसारख्या गोल कणांची वाळू आहे. वरून सैल पडलेली, कधीही दाबून न बसवलेली. कोरडी आहे तोवर ती शांत असते. खालून पाणी चढून तिचे रंध्र भरले, की एखादा किरकोळ हादराही पुरतो. कणांचा एकमेकांवरचा आधार सुटतो आणि घट्ट वाटणारी जमीन क्षणार्धात द्रवासारखी वाहू लागते. १८ जुलै २००९ रोजी साक्सनी-आनहाल्टमधील नाख्टरश्टेट येथे जुन्या खाणीच्या सरोवराचा काठ घरांसह पाण्यात गेला आणि तीन जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुसाटियातील श्प्रेताल परिसरात, काठापासून दूर असलेली आणि सुरक्षित मानली गेलेली जमीन वाहून गेली. तिच्याबरोबर ट्रक आणि मेंढ्यांचा कळपही गेला. त्यानंतर हजारो हेक्टर जमीन लोकांसाठी बंद करण्यात आली. श्लाबेनडॉर्फच्या परिसरालाही याची झळ लागली.

अशा जमिनीवर उपाय एकच, ती आतून दाबून घट्ट करणे. त्यासाठी थरथरणारे लांब पोलादी दांडे खोलवर उतरवतात किंवा विंधनविवरांत स्फोट घडवून वाळू बसवतात. दोन्ही कामे खर्चिक, वेळखाऊ आणि निसर्गाच्या दृष्टीने उद्ध्वस्त करणारी आहेत. वीस-तीस वर्षांत आपसूक उगवलेले रान यंत्रांच्या चाकाखाली जाते आणि सारे पुन्हा शून्यावर येते. निसर्ग संस्थांनी जमीन विकत घेतली ती 'इथे माणसाने हात लावायचा नाही' या तत्त्वावर. खाण कायदा मात्र विचारतो, की उद्या इथे कोणी बुडाले तर जबाबदार कोण? या दोन्ही भूमिका आपापल्या जागी बरोबर आहेत. तोडगा बहुतेक ठिकाणी कुंपणाच्या रूपाने निघाला. माणसांना बंदी, पक्ष्यांना मुभा. म्हणजे जगाने ज्याचे कौतुक केले त्या निर्जन निसर्गाचा बराच भाग निर्जन आहे तो जमीन विश्वासार्ह नाही म्हणून.

पण या जागेचे जैविक मोल कमी लेखता येणार नाही, आणि ते येते कुठून हेही पाहण्यासारखे आहे. पश्चिम युरोपात गेल्या शतकभरात जमिनीवर आणि पाण्यात खतांचा इतका मारा झाला आहे, की निकस जमीन हीच तिथे दुर्मीळ वस्तू होऊन बसली आहे. शेकडो जातींच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी मुळात निकस वाळूवर, उघड्या माळावर जगणारे. हेदरची जांभळी माळराने हे त्यांचे जुने घर. मेंढपाळी, सरपणाची तोड आणि अधूनमधून लागणाऱ्या आगी यांमुळे ती टिकून होती. मेंढपाळी संपली तशी ती पाइनच्या रांगांखाली आणि मक्याच्या शेतांखाली गेली. खाणीने जमिनीच्या पोटातली लाखो वर्षांपूर्वीची वाळू वर आणून टाकली. तिच्यात नत्र नाही, बुरशी नाही, तणांचे बी नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मेलेली माती; पण हुदहुदला, वाळूत बिळे करणाऱ्या बेडकाला, एकाकी मधमाश्यांना हवी होती ती नेमकी हीच. जिथे सरकारने लगबगीने सुपीक माती पसरून, चुना टाकून, पाइनची रोपे लावून 'पुनर्वसन' केले तिथे एकसुरी लागवड उभी राहिली. जिथे निधी वा वेळ कमी पडला आणि वाळू तशीच राहिली तिथे विविधता आली. सरकारी फायलींत ज्याची नोंद 'अपूर्ण काम' अशी झाली असती, तेच पुढे संरक्षित क्षेत्र ठरले!

अर्थात वाळू कायम उघडी राहत नाही. बर्च आणि पाइन स्वत:हून येतात आणि पन्नास वर्षांत माळाचे वन करून टाकतात. मग हेदर राखायचे तर मेंढ्या चारायच्या, झाडे तोडायची. किंवा तत्त्वाला धरून काहीच करायचे नाही आणि उघड्या माळावरच्या जीवांना जाऊ द्यायचे. हा वाद तिथल्या निसर्ग अभ्यासकांमध्ये आहे. काहीच न करणे हाही एक निर्णय असतो, हे मान्य करायला दोन्ही बाजूंना थोडा वेळ लागला.

खरा पेच पाण्याचा आहे. कोळशाच्या थरांभोवती लोह व गंधक यांचे पायराइट हे खनिज असते. उपशामुळे त्याला हवा लागते, पाणी परतले की त्यातून आम्ल, लोह आणि सल्फेट सुटतात. त्यामुळे अनेक सरोवरांचे पाणी आम्ल झाले आणि आजही बोटींतून चुना टाकून ते सौम्य करावे लागते. लोह श्प्रे नदीत उतरते आणि पाणी गंजासारखे तांबूस होते. नदीच्या खालच्या अंगाला श्प्रेवाल्ड आहे. शेकडो पाणवाटांचे हे राखीव जीवावरण पर्यटनावर जगते. तांबडे पाणी तिथे पोहोचू नये म्हणून वाटेतल्या धरणात लोह बसवून घेण्याची धडपड वर्षानुवर्षे चालू आहे. सल्फेट मात्र बसत नाही. ते नदीबरोबर पुढे जाते. आणि पुढे बर्लिन आहे, जे पिण्याच्या पाण्यासाठी बऱ्याच अंशी याच नदीवर विसंबून आहे.

याहून मोठा विरोधाभास असा, की आज श्प्रे वाहते आहे ती खाणींमुळे. चालू खाणींतून उपसलेले भूजल नदीत सोडले जाते. कोरड्या उन्हाळ्यात नदीच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा हाच असतो. शंभर वर्षांहून अधिक काळ एक नदी कृत्रिमरीत्या भरली जात होती, आणि तिच्या काठची शेती, मत्स्यतळी, वीजकेंद्रे व शहरे त्या भरलेल्या नदीच्या मापाने वाढली. खाणी थांबल्या की पंप थांबतील. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेव्हा कोरड्या उन्हाळ्यांत श्प्रेच्या काही भागांतले पाणी ७५ टक्क्यांपर्यंत घटू शकते. उपाय म्हणून एल्बसारख्या शेजारच्या नद्यांतून पाणी आणण्याचा, जलसाठे वाढवण्याचा विचार पुढे आला. पण कोरडे उन्हाळे एल्बलाही चुकलेले नाहीत. त्यात नवी सरोवरे पाणी साठवतात तशी ते वाफेच्या रूपाने घालवतातही. कॉटबुसजवळच्या १,९०० हेक्टरांच्या नव्या सरोवरात २०१९च्या एप्रिलपासून पाणी सोडण्यास सुरुवात झाली. पुढची लागोपाठची कोरडी वर्षे त्या कामाला आडवी आली, कारण नदीतच पाणी नव्हते.

आता प्रश्न पैशाचा. जुन्या खाणींचा खर्च सरकारने उचलला, कारण दुसरे कोणी नव्हते. चालू खाणींची जबाबदारी 'लेआग' या खासगी कंपनीची आहे. या खाणी आणि वीजकेंद्रे आधी स्वीडनच्या 'व्हॅटनफॉल'कडे होती. २०१६ मध्ये या कंपनीने ती चेक उद्योगसमूहाला विकली. विकली म्हणजे काय, तर सोबत सुमारे १.७ अब्ज युरोंची रोकड दिली. ज्या मालमत्तेबरोबर विकणाराच पैसे देतो, ती मालमत्ता कमी आणि देणे अधिक, हे उघड आहे. पुढे राज्यांनी खबरदारी म्हणून स्वतंत्र निधी-कंपन्या स्थापन करायला लावल्या. २०२०च्या कायद्याने कोळसा सोडण्याची मुदत २०३८ ठरली, कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची मदत जाहीर झाली, आणि 'लेआग'ला द्यायच्या १.७५ अब्ज युरोंच्या भरपाईला युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. निधी पुरेल असे कंपनी सांगते. पण निधीत भर पडायची ती वीज विकून होणाऱ्या नफ्यातून, आणि कार्बन उत्सर्जनाचे परवाने महाग होत असताना लिग्नाइटची वीज २०३८पर्यंत नफ्यात राहील का, ही शंका जर्मनीत उघडपणे घेतली जाते. कंपनी आधीच थकली तर पुन्हा तेच: बिल करदात्याच्या नावाने.

भारतात हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ८ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने एक महत्त्वाचा आदेश दिला. खाणकाम संपल्यावर ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य होईल अशा रीतीने तिच्यावर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असे त्यात सरकारला सांगण्यात आले. खड्ड्याच्या काठी चार ओळी निलगिरीच्या लावून 'हरितीकरण' दाखवण्याच्या परंपरेत हा विचार नवा होता. गवत हे वनापेक्षा कमी दर्जाचे नसते, हे न्यायालयाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले, असे म्हणता येईल.

पैशाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये या पायाभूत दराने एस्क्रो खात्यात रक्कम ठेवण्याची तरतूद होती. हा दर पुढे वाढत जाणार होता. कोळशेतर खनिजांसाठी २०१७च्या नियमांनी हेक्टरी दोन ते तीन लाखांची हमी ठरवली. जर्मनीतला आजवरचा खर्च सुमारे एक लाख हेक्टरांवर पसरला तर तो हेक्टरी एक कोटी रुपयांच्या घरात जातो. ही तुलना सरळ नाही. मजुरी वेगळी, जमीन वेगळी, आणि तिकडच्या आकड्यात अख्ख्या प्रदेशाचे भूजल सावरण्याचा खर्च आहे. पण इकडच्या आकड्यात भूजल धरलेलेच नाही, हा फरक मजुरीच्या दरातून भरून निघणारा नाही.

चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात मातीचे डोंगर उभे आहेत, त्यांवर वेडी बाभूळ माजली आहे, आणि तिच्या आडोशाला वाघ-बिबटे राहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाने आणि दुर्गापूरमध्ये एका मुलाचा बिबट्याने बळी घेतला. खाणीवर निसर्ग इथेही परतला आहे. पण तिकडे कुंपणाबाहेर माणसे आहेत, इथे त्याच ढिगाऱ्याच्या पायथ्याशी कामगारांची वसाहत आहे. दाट लोकवस्तीच्या प्रदेशात 'सोडून द्या, निसर्ग पाहून घेईल' हे धोरण चालत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

गोव्यात पेच पाण्याचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२पासूनही त्या बराच काळ बंद होत्या. या काळात डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले लोहखनिजाचे खड्डे पावसाने आणि भूजलाने भरले. खाण चालू असताना ते उपसले जात, तेव्हा आजूबाजूच्या विहिरी आटत आणि उपसलेल्या पाण्यासोबत येणारा गाळ शेतांत बसे. बंद झाल्यावर तेच खड्डे साठे बनले. २०२२च्या अखेरीपासून पट्ट्यांचे लिलाव झाले आणि उत्खनन पुन्हा सुरू होऊ लागले. म्हणजे पाणी पुन्हा उपसावे लागणार. त्या पाण्याचा मालक कोण, ते कुठे सोडायचे, आणि हा पट्टा संपेल तेव्हा खड्डा कोणाच्या ताब्यात जाईल, हे प्रश्न श्प्रेच्या काठी आज विचारले जात आहेत त्याहून निराळे नाहीत.

आणि निकस जमिनीचा प्रश्न तर कोकण-गोव्याच्या अगदी दारातला आहे. इथले जांभ्याचे सडे म्हणजे आपल्याकडची निकस माळरानेच. आठ महिने काळे-तांबडे कातळ, आणि पावसाळ्यात उथळ डबकी, कीटकभक्षी वनस्पती, रानफुलांचे ताटवे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर क्षेत्रांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले. कोकणातल्या बहुतेक सड्यांची महसुली दप्तरातली नोंद मात्र आजही 'पोटखराब' किंवा 'पडीक' अशीच आहे. बॉक्साइट, लोहखनिज वा चिऱ्याची खाण मागताना हीच नोंद अर्जदाराच्या कामी येते, कारण जी जमीन दप्तरात आधीच नापीक आहे तिचे नुकसान मोजायला दप्तरात रकानाच नसतो. खाणपट्ट्यात पुन्हा गवत उगवण्याची अट आली आहे. तिथे खाणीपूर्वी कोणते गवत होते, याची नोंद ठेवण्याची सक्ती अजून व्हायची आहे.